बाबांचं जहाज

वडिलांची जुनी छोटी गाडी लेकीनेच हट्टाने विकायला लावली होती. नव्या ऐसपैस सेडानला वडील शेवटपर्यंत ‘तुझं जहाज’ म्हणून हिणवत राहिले आणि दोन महिन्यांत गेले. आपण त्यांच्यावर गाडी लादली, ही बोच घेऊन ती पहिल्या सर्व्हिसिंगला आली. “काका नाही आले? गाडी नेताना केवढी उलटतपासणी केली होती माझी,” मेकॅनिक हसत म्हणाला. तिने सांगितल्यावर तो ओशाळला. कागदपत्रं काढताना पुढच्या कप्प्यातून वडिलांच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली. ‘मेकॅनिकला विचारणे: हवा किती भरावी? आपलं जहाज पंधरा वर्षं टिकवायचं, तर काय करावं?’ तिने शेवटचा प्रश्न दोनदा वाचला, मग मोठ्याने विचारला. “चालवत राहा, ताई. उभी ठेवू नका.” कित्येक दिवसांनी हायसं वाटून तिने घरी फोन लावला: “आई, तयार हो. जहाज घेऊन येतेय.”