गटाराच्या काठानं

ऐंशी मिनिटं बाकावर बसवून ठेवल्यावर कोचनी इंद्रजितला मैदानात उतरवलं. "दहाच मिनिटं आहेत. आज काही दाखवलं नाहीस, तर क्लब तुझा करार वाढवणार नाही."

मोठ्या फुटबॉल क्लबकडून कडेनं चढाई करणारा विंगर म्हणून त्याचा हा पहिलाच सामना. डाव्या बाजूनं बॉल घेऊन तो सुटला, तसा समोरच्या संघाचा बचाव करणारा धिप्पाड बॅक खांद्यानं रेटत त्याला थेट कडेच्या रेषेवर घेऊन गेला. आता बॉल बाहेर जाणार, हे प्रेक्षकांनी गृहीतच धरलं.

इंद्रजितला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. कोल्हापुरात लहानपणी ज्या बोळात तो खेळायचा, त्याच्या कडेनं उघडं गटार वाहायचं, आणि नियम एकच होता: ज्याच्या पायानं बॉल गटारात जाईल, त्यानंच हात घालून काढायचा. इथली रेषा तर कोरडी होती, पांढरी होती, आणि तिला वासही नव्हता.

रेषेवरूनच बॉल सरकवत तो बॅकच्या बगलेतून निसटला. गोलसमोर क्रॉस गेला, साथीदारानं गोल केला.

"एवढा दांडगा गडी अंगावर आला, भ्याला नाहीस?" दुसऱ्या दिवशी कराराचा कागद पुढं सरकवत कोचनी विचारलं.

"त्यो नुसता ढकलत हुता, सर. बोळात खेळताना आमची अक्का ढकलता ढकलता चिमटं बी काढायची."