हजार निटचा बेदाणा

"उजेड अजून वाढवा," धैर्यशील म्हणाला.

दुकानातल्या सेल्समननं, कैफनं, बटण दाबलं. सांगलीच्या त्या दुकानात ओळीनं मांडलेल्या मॉनिटरांपैकी शेवटचा असा काही पेटला, की धैर्यशीलच्या बापानं, लालासाहेबांनी, तोंडच फिरवलं.

"हजार निट," धैर्यशील उजेडाचं माप सांगत बापाला म्हणाला. हा सगळा उजेड जणू त्यानंच पाडला होता. "आबा, ह्याच्यात अंधारात लपलेला माणूस बी दिसतोय."

"अंधारात कोण लपलाय?"

"गेममधी, आबा."

"आन् कामाचं काय?"

"कामाला बी ह्योच. एकात दोन्ही."

काम कोणतं, हे धैर्यशीलला धड सांगता आलं नसतं. बी.कॉम. झाल्यापासून हा गडी खुर्चीत बसून लढाया मारत होता आणि घरच्या बेदाण्याचा ऑनलाइन धंदा बघतो असं पाहुण्यांना सांगत होता. धंदा म्हणजे फोनवरून चार फोटो पाठवायचे. मॉनिटर त्याला गेमसाठीच हवा होता. जास्त उजेडाच्या पडद्यावर माल उठून दिसतो आणि गिऱ्हाईक पटकन हो म्हणतं, अशी थाप त्यानं बापाला मारली होती. बापाला ती कळली नव्हती असं नाही. पण या खेपेला ती सोयीची होती.

कारण लालासाहेबांचा माल यंदा बिघडला होता. तासगावजवळच्या त्यांच्या शेडवर द्राक्षं सुकत असतानाच पाऊस लागला आणि हिरवा निघायचा बेदाणा काळपट तांबडा निघाला. वर ओलही राहिली. आता आशा होती ती इंदूरच्या बन्सीशेठची. गुडघे गेल्यापासून शेठ तासगावला येत नसत. व्हिडिओ कॉलवर माल बघायचे आणि लालासाहेबांच्या शब्दावर ट्रक मागवायचे. आज दुपारी त्यांचा फोन यायचा होता. त्यांनी पाठ फिरवली, तर वर्षाचा माल जनावरांपुढं टाकायची पाळी होती.

लालासाहेबांनी खिशातून प्लॅस्टिकची पुडी काढली. "ह्यो दाव बरं त्यात."

धैर्यशीलनं पुडीचा फोटो काढून मॉनिटरवर टाकला. कैफला मॉनिटर विकायचा होता, बेदाणा नव्हे. त्यानं आपणहून रंग वाढवला, मग उजेड वाढवला, मग पुन्हा रंग. काळपट दाणे आधी पिवळे झाले आणि मग हिरवेगार. एकेक दाणा लिंबाएवढा.

दुसऱ्याच्या मालाला नाकं मुरडण्यात लालासाहेब या माणसाची हयात गेली होती. सौद्याला पेटीत बोट घालून "ह्यो काय माल हाय व्हय?" असं म्हणून त्यानं कितीजणांचे चेहरे पाडले होते. तो आता आपल्याच मालाच्या फोटोवर भाळला.

"आयला," लालासाहेब म्हणाले. "लय भारी दिसतुया रं."

"उजेड, आबा."

तेवढ्यात फोन वाजला. बन्सीशेठच होते. लालासाहेबांनी पुडी खिशात कोंबली, फोन उचलला आणि त्याचा कॅमेरा सरळ मॉनिटरवर धरला. हे काही बरोबर चाललेलं नाही, असं धैर्यशीलला क्षणभर वाटलं. पण बाप मॉनिटर घ्यायला निघाला होता, मग कशाला तोंड उघडा?

"रामराम लालासाहेब!" वर्षानुवर्षं तासगावला येऊन बन्सीशेठ चांगलं मराठी बोलत. "दाखवा माल."

"ह्यो बघा की, शेठ. एकदम हिरवा."

"वा! तुमच्याकडे पाऊस झाला म्हणत होते."

"झाला की. पर आमच्या शेडला न्हाई लागला. पोराशपथ."

पोरगं शेजारीच उभं होतं. त्याला काही वाटलं नाही.

"मग हरकत नाही. तुम्ही सांगताय म्हणजे झालं." शेठ हसले. "फक्त नेहमीसारखं मुठीत दाबून दाखवा. बघितल्याशिवाय चैन पडत नाही."

या दोघांचा सौदा पहिल्यापासून मुठीवर ठरायचा. बेदाणा मुठीत घट्ट दाबायचा आणि मूठ उघडायची. चांगला माल लगेच सुटा होतो. ओल असेल तर गोळा होऊन तळहाताला चिकटतो. तिथं जिभेचं काही चालत नाही.

लालासाहेब बोलण्यात आणि रंगात इतके गुंगले होते, की उजवा हात सवयीनं आपोआप पुढं गेला. पडद्यावरच्या हिरव्या राशीत त्यांनी बोटं घातली. काचेवर नखं टकटकली. तरीही त्यांनी मूठ आवळली, कारण आता दुसरं काय करायचं हे त्यांना सुचलं नाही. त्या झगझगीत उजेडापुढं मूठ काळीकुट्ट दिसत होती.



"उघडा," बन्सीशेठ म्हणाले.

लालासाहेबांनी मूठ उघडली.

"टीव्ही छान आहे, लालासाहेब," बन्सीशेठ म्हणाले. "घेऊन टाका."

फोन बंद झाला. लालासाहेब उघडा पंजा तसाच धरून उभे होते. कैफनं फडकं आणलं, त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि काचेवर उमटलेली बोटं पुसली.

"आबा," धैर्यशील म्हणाला. त्याची नजर पडद्यावरून हललीच नव्हती. "शेठ बी घ्या म्हणालं. बांधायला सांगू?"