गुडघा

बत्तीस वर्षं एकाच हायस्कूलमध्ये पोरांना पळायला शिकवून सर निवृत्त होत होते. हॉल माजी विद्यार्थ्यांनी गच्च भरला होता, मैदानाला सरांचंच नाव लागणार होतं, आणि भाषणं ऐकून स्वारी खुशीत होती. तेवढ्यात शाळेच्या एका जुन्या धावपटूला बोलावलं गेलं. काठी टेकत, एक पाय ओढत ती मंचावर चढली, तसं सरांनी तिला ओळखलं. वीस वर्षांपूर्वी, फायनलच्या सकाळी ती म्हणाली होती, "सर, गुडघ्यात कळ येतेय." सर खेकसले होते, "नखरे पुरे. पळ!" ती पळाली. शाळेला ढाल मिळाली आणि तिचं पळणं कायमचं सुटलं.

हात द्यायला पुढे झालेल्या मुख्याध्यापिकेने विचारलं, "पायाला काय झालं गं?"

"शाळेत असताना घरच्या जिन्यावरून पडले," ती माइकसमोरच हसून म्हणाली, आणि सरांविषयी चार चांगले शब्द बोलून खाली उतरली. टाळ्या थांबेनात. सरांना उठून खरं सांगता आलं असतं. ते मान खाली घालून बसून राहिले.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी तिला दारात गाठलं. "खोटं का बोललीस, पोरी?"

"सवयीनं तोंडातून गेलं, सर. तेव्हा घरी हेच सांगितलं होतं. तुम्ही मला बघायला आलात, तर बाबांनी तुम्हाला दारातून हाकलू नये म्हणून."

तिचं घर कुठल्या गल्लीत होतं, हेसुद्धा सरांना ठाऊक नव्हतं.