फाटकापाशी बसणारे सालोंगो

"सालोंगो, उद्यापासून येऊ नका," प्रॉसी नामुली म्हणाली.

फणसाच्या झाडाखाली, पावाच्या उलट्या क्रेटवर बसलेल्या म्हाताऱ्याने मान वर केली. मसाका शहरालगतच्या न्येंदोतल्या या बेकरीचे ते सव्वीस वर्षं मालक होते. जुळ्यांचा बाप, म्हणून अख्खी वस्ती त्यांना सालोंगोच म्हणे. चार महिन्यांपूर्वी त्यांनी बेकरी प्रॉसीला विकली. किल्ल्या तिच्या हातात दिल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पुन्हा फाटकापाशी येऊन बसले. तेव्हापासून त्यांचा एक दिवस चुकला नव्हता.

"माझं काही चुकलं का, पोरी?"

"चुकलं नाही. पण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. माणसं आता माझी आहेत आणि रोज आधी थांबतात तुमच्यापाशी."

सालोंगो उठले, पँट झटकली, "बरं" म्हणाले आणि सायकल ढकलत निघून गेले. मंगळवार होता.

प्रॉसीला फार वाईट वाटलं नाही. तिने चौदा वर्षं कंपालातल्या एका विमा कंपनीत काढली होती. तिथे माणूस नोकरीवरून गेला की संध्याकाळपर्यंत त्याच्या कार्डाने दार उघडायचं बंद होई. तिला ती पद्धत स्वच्छ वाटायची. ती स्वतः कंपनीतून बाहेर पडली, कारण चौदा वर्षांत हातात धरून दाखवता येईल असं तिने काहीच केलं नव्हतं. "एसी सोडून धुरात जातेस? डोकं फिरलंय तुझं," भाऊ म्हणाला होता. पहिल्या दिवशीचा गरम पाव तिने त्याला मसाका ते कंपाला बसने पाठवून दिला.

बेकरी तिने शिकली होती तशीच चालवली. अंगठ्याची हजेरी आणली. कामाच्या वेळी गाणं बंद केलं. पीठ किती मिनिटं फुगू द्यायचं, पाव भट्टीत किती वेळ ठेवायचा, याचा तक्ता भिंतीवर चिकटवला. भट्टीवरचा मुख्य माणूस कायेंबा. पीठ तयार झालं की नाही, हे बावीस वर्षं तो बोट लावून सांगत आला होता. तो एकदाच बोलला. "मॅडम, पावसाळी हवेत पीठ आळसावतं. वेळ द्यावा लागतो त्याला."

"तक्त्यात आहे तेवढाच द्यायचा."

त्या दिवशीचा पाव चिवट निघाला. वहीत शेरा कायेंबाच्या नावावर पडला.

बुधवारी फाटकापाशी कुणी थांबलं नाही. नऊपैकी आठ जण वेळेवर आत आले. प्रॉसी खूश झाली. फक्त कायेंबा आला नव्हता, ताप आला असेल म्हणून तिने सोडून दिलं. गुरुवारी पीठ मळणाऱ्या दोघी आल्या नाहीत. शनिवारी सकाळी बेकरीत तीन माणसं उरली, आणि मुलींच्या वसतिगृहाला सोमवारी चारशे पाव द्यायचे होते. नकार कळवला तर ते गिऱ्हाईक कायमचं जाणार होतं आणि त्या एका गिऱ्हाइकावर अर्धी बेकरी उभी होती.

ती बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, करून तडक सालोंगोंच्या घरी गेली. त्यांची बायको, जुळ्यांची आई म्हणून नालोंगो, अंगणात चटईवर बसून मटोके शिजवायला हिरवी केळी सोलत होती. सालोंगो शेळीला पाला घालत होते.

"तुम्ही माझी माणसं फोडलीत," प्रॉसी उभ्याउभ्याच म्हणाली.

नालोंगोची सुरी थांबली. "फोडली? यांनी?" ती नवऱ्याकडे वळली. "अहो, सांगा की हिला! तोंड शिवलंय का तुमचं?"

"मी कशाला सांगू?" सालोंगो म्हणाले. "कायेंबाला विचार, पोरी. चर्चच्या मागच्या उतारावर निळ्या दाराचं घर आहे. आणि तिथे बस म्हणतील, तर बस."

कायेंबाच्या बायकोने स्टूल पुढे केलं. प्रॉसी बसली. चहा आला. कायेंबा तापाने वगैरे पडलेला नव्हता. बनियनवर दारात बसून कोंबड्यांना दाणे टाकत होता.

"सालोंगोंना मी येऊ नका म्हटलं, म्हणून तुम्ही काम सोडलंत?"

"नाही मॅडम. मी पहिल्या आठवड्यातच सोडणार होतो. आम्ही सगळेच."

"मग चार महिने का थांबलात?"

कायेंबाने हात झटकले. "म्हातारा रोज सकाळी फाटकापाशी हात धरायचा. म्हणायचा, 'आजचा दिवस काढ. पोर शिकतेय.' चिवट पाव निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नुसता हिशेब मागायला आलो होतो. मला अर्धा तास धरून बसला. बुधवारी आलो, तर तिथे कुणीच नव्हतं. तिथूनच माघारी फिरलो."

तो धरलेला हात प्रॉसीने ऑफिसच्या खिडकीतून कितीदा तरी पाहिला होता. पाहून ती घड्याळ बघायची, आणि वहीत मिनिटं लिहून ठेवायची.

कोंबड्यांनी दाणे संपवले.

"आज सांगायला तिथे कुणी नाही," ती शेवटी म्हणाली, "म्हणून मीच आलेय. आजचा दिवस काढा. मी शिकतेय."

कायेंबाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग घरात तोंड करून बायकोकडे सदरा मागितला.