पोरगा करतो काय?

सोयाबीन पेरणाऱ्या बजरंगला "शेतकरी नको" म्हणून तीन स्थळांकडून नकार आला, तेव्हा वडील अण्णारावांनी चारही एकरांत कागदाच्या लगद्यासाठी लागणारी निलगिरी लावून टाकली. तीन वर्षांनी औशाचं स्थळ आलं. तिथं चहा यायच्या आधीच अण्णाराव बोलून मोकळे झाले.

"आमचा पोरगा शेती करत न्हाई. पेरणी न्हाई, खुरपणी न्हाई, फवारणी न्हाई. कागदाच्या कारखान्याला माल पुरवतो. धंदा हाय त्याचा."

मुलीचे वडील खूश झाले. "मग बोलणंच खुंटलं," म्हणत त्यांनी बजरंगला आणि मुलीला, उज्वलाला, बोलायला ओसरीत बसवलं.

उज्वलानं सरळच विचारलं, "किती माल गेला आजपर्यंत?"

बजरंगला खोटं बोलता येईना. "अजून काईच न्हाई. झाडं लहान हायत."

"मग तुम्ही दिवसभर करता काय?"

"झाडं मोठी व्हायची वाट बघून राहिलो. अजून दोन वर्षं लागतील."

उज्वलानं आतल्या खोलीकडं बघितलं. तिथं तिचा भाऊ जाडजूड गाईडवर मान टाकून झोपला होता.

"आमचा दादा बी पाच वर्षं झाली वाटच बघून राहिलाय. सरकारी भरती निघायची."

हेही स्थळ गेलं, असं समजून बजरंग उठायला लागला.

"बसा की," ती म्हणाली. "तुमची झाडं वाढतात तरी."