विंगेतून आलेलं वाक्य

“लग्नाआधीपासून ओढायचे मी. गच्चीवर, टाकीमागे,” काकूंनी शांतपणे सांगितलं आणि उशीला टेकून खोकल्या.

भेटायला आलेला नेपथ्यकार खुर्चीतून पडायचाच बाकी राहिला. त्याने सहज विचारलं होतं, “काकू, तुम्ही तर कधी सिगारेटला हातही लावला नाही, मग फुप्फुसाचा कॅन्सर कसा काय?” आणि विचारता विचारता त्याची नजर बाल्कनीकडे वळली होती. तिथे काकूंचे यजमान पाठमोरे उभे राहून कपडे वाळत घालत होते. कपडे सकाळीच वाळले होते.

काकूंचा हा रोजचाच उद्योग झाला होता. काल तबलजीला सांगितलं, आजोबांच्या पाकिटातून चोरायचे. परवा शेजारणीला सांगितलं, लेकीच्या वेळी डोहाळेच सिगारेटचे लागले. खरं म्हणजे जन्मात काडी पेटवली ती गॅससाठी. पण ऐकणाऱ्याचा चेहरा बघून त्यांना जे हसू यायचं, ते कुठल्याही गोळीनं येत नव्हतं.

केमोनं केस नेले, भुवया नेल्या. पाणीसुद्धा जिभेला पत्र्यासारखं लागू लागलं. आवाज बसला. कुजबूज तेवढी शाबूत राहिली, आणि काकूंचा जन्म तर कुजबुजीवरच गेला होता. नाटक कंपनीत त्या प्रॉम्प्टर होत्या. विंगेत स्टुलावर बसायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं. सगळ्यांत जास्त अडायचे ते त्यांचे यजमान. कायम राजाची भूमिका, म्हणून अख्खी कंपनी त्यांना राजेच म्हणे. आवाज असा की शेवटच्या रांगेत डुलक्या काढणारा दचकून उठावा. पाठांतराच्या नावानं मात्र शंख. विंगेतून येईल ते डोळे झाकून बोलायचं, एवढंच त्यांना येत होतं. एकदा घरी भांडण झालं, तेव्हा काकूंनी भर दरबारात “मी महामूर्ख आहे” असं पुरवलं. राजांनी तलवार उपसून ते खणखणीत म्हटलं. प्रधानाला मान लववून “खरं आहे, महाराज” म्हणावं लागलं. रंगमंचावर एकदा बोललेलं वाक्य मागे घेता येत नाही, पुढचा खेळ त्याला धरूनच करायचा असतो.

रिपोर्ट आला आणि हेच राजे मुके झाले. सिगारेट ओढायचे ते. रंगपटाच्या कोंदट खोलीत, तोंडाला रंग लावता लावता. शेजारी बसून काकू त्यांच्याकडून वाक्यं घोकून घ्यायच्या. डॉक्टर म्हणाले होते, कारण शोधत बसू नका, उपचारांकडे बघा. राजांनी मात्र स्वतःवर खटला भरून निकालही देऊन टाकला. सिगारेट कायमची सोडली आणि बायकोशेजारी बसणंही सोडलं. केमोच्या दिवशी नेमका त्यांचा नळ गळायचा, नाहीतर फ्यूज उडायचा. मग लेक कचेरीतून रजा काढून आईला न्यायची. दिवसभर सलाइन थेंब थेंब चालायचं. काकूंना सुईचं काही वाटत नसे. शेजारच्या खुर्चीत राजे नसत, ते मात्र सोसत नसे. एकदा त्यांनी सरळ म्हटलंही, “अहो, तुम्ही चला ना.” राजे चपला शोधायला उठले आणि शोधता शोधता घराबाहेरच निघून गेले.

नेपथ्यकार गेला आणि मोठ्या नणंदबाई आल्या. त्या आल्या की मांडणीवरची भांडीसुद्धा सावरून बसत. दुसऱ्या दिवशी केमो होती. लेक पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी होती.

“वन्सं, तुमच्यापासून काय लपवायचं?” काकू म्हणाल्या. “मी तुमच्याकडे राहायला यायचे ना, तेव्हा तुमच्या न्हाणीघरात सिगारेट ओढायचे.”

“माझ्या न्हाणीघरात!” नणंदबाई उभ्याच राहिल्या. “शोभतं का गं तुला? स्वतःच्या कर्मानं दुखणं ओढवून घेतलंस आणि माझ्या भोळ्या भावाच्या जिवाला घोर लावलास!”

बाल्कनीत चिमट्यांची टोपली पालथी झाली. राजे आत आले.

“ताई, पुरे! तिला एक अक्षर बोलायचं नाही. खोटं सांगतेय ती. सिगारेट...”

आणि राजे अडले. हात वर, तोंड उघडं, पुढचं वाक्य गायब.

“मी ओढत होतो,” उशीकडून कुजबूज आली.

“मी ओढत होतो,” राजे म्हणाले.

“आणि आता तिच्याजवळ बसायची मला लाज वाटते.”

“आणि आता तिच्याजवळ बसायची...” राजांचा आवाज फाटला. तरी वाक्य त्यांनी पुरं केलं. डोळे वाहत होते, ते पुसले नाहीत. काकूंचेही भरून आले होते, पण प्रॉम्प्टरला मध्येच थांबून चालत नाही.

“म्हणून उद्या केमोला मीच नेणार. दिवसभर तिच्याजवळ बसणार.”

“म्हणून उद्या केमोला मीच नेणार! दिवसभर तिच्याजवळ बसणार!” राजे शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात गरजले. आणि मग आपण काय बोललो, ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

“ऐकलं हो मी,” नणंदबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या. “आता शब्द फिरवायचा नाही.”

राजांनी लेकीकडे आशेनं पाहिलं. “पण उद्याची तर तू रजा...”

“नाही काढली, बाबा,” लेक म्हणाली. “आईनं परवा आत्याला फोन करून बोलावलं ना, तेव्हाच मला म्हणाली, या खेपेला रजा लागायची नाही.”