भेगेवरची काच

"आज तरी काच धड आहे ना, काकू?" मापं घेणाऱ्या इंजिनियरने बूट काढायच्या आतच विचारलं.

"तुम्हीच बघा. मी हात लावला की आळ माझ्यावर."

टोमणा त्याने गिळला. काल तो काकूंना चार शेजाऱ्यांदेखत नको ते बोलला होता. त्यांच्या घराखालून वेगवान रेल्वेचा बोगदा जायचा होता. भिंतीतल्या भेगेवर काचेची पट्टी प्लॅस्टरने बसवलेली. जमीन केसभर हलली तरी ती तडकणार, आणि खालचं काम थांबणार. आजवर तीनदा तडकली. आठ महिने बोगदा वीतभर पुढे सरकला नव्हता, आणि वरचे साहेब रोज त्याचं डोकं खात होते.

घर वाचवायला काकूच हातोडी मारतात, अशी त्याची खात्री झाली होती. "जमीन दगडासारखी घट्ट आहे. आता काच फुटली तर काम कायमचं बंद. मग तुमचा मुलगाही घरी बसेल," असं तो काल ओरडला होता.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देताय," एवढंच काकू म्हणाल्या होत्या.

मुलगा बोगद्यातच कामाला होता. तीन वर्षं खेटे घालून मिळालेली नोकरी.

आज पट्टी अखंड होती. त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने तिथूनच फोन लावला. "सुरू करा."

काकूंनी चहा आणला. त्यांची बोटं पांढरी होती.

"पीठ मळत होते," त्या म्हणाल्या. "पोरगं सकाळीच खाली उतरलंय. दुपारी जेवायला येईल."

"काल जरा जास्तच बोललो, काकू."

"जाऊ द्या. त्याची नोकरी टिकली, मला अजून काय हवं?"

समोर त्यांच्या नवऱ्याचा फोटो होता. त्याने जन्मभर लोकांच्या फोटोंना काचा बसवल्या. काच कापायची त्याची हिरकणी अजून खालच्या फळीवर होती. रोज खिडकीचा उजेड फोटोवर चमकायचा आणि चेहरा धड दिसायचा नाही. आज डोळेसुद्धा स्पष्ट दिसत होते.

खोल कुठेतरी यंत्र घरघरू लागलं. कपातला चहा थरथरला, फोटो तिरका झाला. काकू हसल्या.

निघता निघता त्याने फोटो सरळ करायला हात लावला. चौकटीत काच नव्हती. बोट थेट कागदाला लागलं.